एका सेकंदाचा एक दिवस

भिलाईत ‘टाउनशिप’ म्हटलं की पोलाद कारखान्याची वसाहत डोळ्यांसमोर येते. सेक्टर १ ते १०, सिव्हिक सेंटर, सेक्टर ९चं मोठं इस्पितळ, मैत्रीबाग आणि ओळीनं उभी असलेली एकसारखी क्वार्टरं. माझ्या काकांची ब्लास्ट फर्नेसवरची ३६ वर्षांची नोकरी त्या टाउनशिपमध्ये राहून झाली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं, रिसालीत घर बांधलं. आता संध्याकाळचा चहा झाला की ते व्हरांड्यात खुर्ची टाकतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि फोनवर दुसरी टाउनशिप चालवायला घेतात. त्या खेळाचं नावच ‘टाउनशिप’. शेजारी काकू बसते. तिच्या फोनवर ‘हे डे’ असतो, फिनलंडच्या सुपरसेल कंपनीनं २०१२ साली काढलेला शेतीचा खेळ. काका शहर वसवतात, काकू शेत करते, आणि दोघांना त्यासाठी एक पैसा द्यावा लागत नाही.

मी नागपूरहून गेलो होतो. दुर्गला उतरून रिक्षानं घरी पोचलो, तर दोघांच्याही माना खाली.

“काय करून राहिले काका?”

“गहू पेरून राहिलो. दोन मिनिटं थांब, कापतो आन् मग बोलू.”

हे त्यांनी अगदी शब्दशः म्हटलं होतं. दोन्ही खेळांत पहिलं पीक गव्हाचं, आणि दोन्हीकडे गहू दोन मिनिटांत येतो. मी घड्याळ लावून पाहिलं. हिरवे कोंब वर आले, उंच झाले, पिवळे पडले, आणि १२०व्या सेकंदाला गहू कापणीला तयार.

आता खरा गहू घ्या. आमच्याकडे दिवाळी आटोपली की पेरतात आणि होळीच्या मागेपुढे कापतात. वाणाप्रमाणे आठ-दहा दिवस इकडेतिकडे होतात, पण साधारण हिशेब १२० दिवसांचा. फोनवर १२० सेकंद, रानात १२० दिवस. म्हणजे काकूच्या शेतात एक सेकंद सरला की बाहेरच्या शेतातला एक अख्खा दिवस सरतो. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, तेव्हा खेळातला गहू खऱ्या गव्हाच्या ८६,४०० पट वेगानं वाढतो. खेळ बनवणाऱ्यांनी हा हिशेब मनात धरला असेलच असं नाही. पण प्रमाण इतकं नेमकं जुळल्यावर मला राहवेना. त्या संध्याकाळपासून भिलाईतली जी जी गोष्ट दिसेल तिला मी काकूच्या शेतातलं घड्याळ लावून पाहू लागलो. एका सेकंदाचा एक दिवस.

भिलाईचा कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत झाला. तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी आमचं नागपूर होती. पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. मधले दिवस मोजले तर १,४६३ भरतात. काकूच्या घड्याळात २४ मिनिटं २३ सेकंद. करारावरची शाई वाळल्यापासून १० मिनिटं ३८ सेकंदांनी नागपूरची राजधानी गेली, आणि पुढच्या पावणेचौदा मिनिटांत धानाच्या माळावर वितळलेलं लोखंड वाहू लागलं. त्या चोवीस मिनिटांत जमिनी गेल्या, गावं उठली, रेल्वेचे फाटे पडले, दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातल्या खाणी सुरू झाल्या, सुमारे नव्वद किलोमीटरवरून खनिज येऊ लागलं, नंदिनीचा चुनखडक आला, रशियन इंजिनिअर आले आणि त्यांचं बोलणं हिंदीत सांगणारे दुभाषेही आले. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचं, बारा वर्षांत फेडायचं होतं. त्या फेडीलाही या घड्याळानं ७३ मिनिटं लागतात.

काकांची ३६ वर्षांची नोकरी ३ तास ३९ मिनिटांची. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा फोनवरचं बोट थांबलं. “तीन तास एकोणचाळीस मिनिटं,” ते पुटपुटले, आणि मग म्हणाले, “अर्धी शिफ्टसुद्धा नाही झाली.” सहा-दोन, दोन-दहा, दहा-सहा अशा आठ तासांच्या पाळ्यांत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना काळ शिफ्टमध्येच मोजता येतो. पूर्ण एक शिफ्ट, आठ तास, या घड्याळात जवळपास ७९ वर्षांची होते. बहुतेक माणसांचं आयुष्य एका पाळीत आटोपतं.

आणि मग राजहऱ्याचं खनिज. तांबडे-काळे पट्टे असलेले असे लोहखडक जगात जिथे जिथे आहेत, त्यांचा मोठा भाग १८० कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी समुद्राच्या तळाशी साचला आहे. पाण्यात विरघळलेल्या लोहाला प्राणवायू भेटत गेला आणि गंज होऊन तो थरांवर थर बसत गेला. १८० कोटी वर्षांना काकूचं घड्याळ लावलं, त्यांना ८६,४०० पट पळवलं, तरी जवळपास २०,८०० वर्षं उरतात. कारखाना २४ मिनिटांत, माणूस एका शिफ्टमध्ये आणि कच्चा माल वीस हजार वर्षांत. काकांच्या टाउनशिपमध्येही खाण आहे. तिथे कुदळ मारली की कांस्य, चांदी, सोनं यांचं खनिज निघतं आणि ओतशाळेत त्याच्या विटा होतात. लोखंड त्यांना तिथे कधी सापडलं नाही. इतकी वर्षं लोखंडाच्या उजेडात काढलेल्या माणसाला ती उणीव खुपते, हे मला त्यांच्या स्वरावरून कळलं.

काकूच्या शेताचा एक नियम मात्र मला काळापेक्षाही चक्रावून गेला. ‘हे डे’मध्ये एक गहू पेरला की दोन मिळतात. दोनाचे चार, चाराचे आठ. ऐकायला साधं वाटतं. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, पण तिथे राजा कधी खरोखर दाणे टाकत नाही. इथे हातात चालू शेत आहे आणि दर दोन मिनिटांनी ते दुप्पट होऊ पाहतं. समजा, काकूला हवे तेवढे वाफे मिळाले आणि कोठाराला तळ नसला. एकेका वाफ्याची जागा एक चौरस मीटर धरू. एका दाण्यापासून सुरुवात केली आणि आलेला सगळा गहू दर वेळी पुन्हा पेरत गेलं तर?

चोवीस मिनिटांनी ४,०९६ वाफे होतात. हे एक एकर झालं, थोडं जास्तच. भिलाईचं पहिलं लोखंड निघायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात काकूची एकरभर पेर होते. इथवर सगळं आपल्या आवाक्यातलं वाटतं. पण ७८व्या मिनिटाला शेत अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं झालेलं असतं. ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, सह्याद्री, उजनी, मुंबई सगळं गव्हाखाली. त्यानंतर फक्त तीन पिकं, सहा मिनिटं, आणि ८४व्या मिनिटाला भारत पुरत नाही. ९८व्या मिनिटाला पृथ्वीचा पृष्ठभाग संपतो, सातही समुद्र धरून. हिंदी सिनेमाचं मध्यंतर होऊन थोडा वेळ झालेला असतो, एवढाच काळ.

आता जागेचा विचार सोडून नुसते दाणे मोजू. आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावं देण्याची हौस जुनी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली ११५० साली, म्हणजे काकूच्या घड्याळात अजून चार दिवससुद्धा झाले नाहीत. त्यात एककापासून सुरू होणारी दहाच्या पटीतली नावं आहेत: कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, एकावर सतरा शून्यं. माझ्या आजोबांना ही नावं पाठ होती, आणि परार्धाशी आल्यावर ते थांबायचे, कारण यादी तिथे संपते. काकूचा गहू ५७व्या कापणीला, म्हणजे एक तास ५४ मिनिटांनी, परार्ध ओलांडतो. बुद्धिबळाच्या ६४ घरांएवढ्या ६४ कापण्या पुऱ्या व्हायला दोन तास आठ मिनिटं. तेव्हा दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, म्हणजे १८४ परार्धांहून अधिक. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर हा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. सगळं जग मिळून वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकवतं. म्हणजे साऱ्या जगाची नऊशे वर्षांहून अधिक काळाची शेती एका संध्याकाळच्या दोन तासांत.

हे होत नाही, कारण खेळ बनवणाऱ्यांनी कोठार लहान ठेवलं आहे. सुरुवातीला त्यात फक्त ५० नग मावतात. पुरेसे वाफे असते तर बाराव्या मिनिटालाच ते तुडुंब भरलं असतं. म्हणून गहू विकावा लागतो, कोंबड्यांना खाऊ घालावा लागतो, पाव भाजावा लागतो, कोठार वाढवायला खिळे, फळ्या, स्क्रू जमवावे लागतात. सारी गंमत त्या अडवणुकीत आहे. पुढची पिकंही हळूहळू लांबत जातात: मका पाच मिनिटं, गाजर दहा, मग पाऊण तास, दोन तास, आठ तास. माणसाला आधी दोन मिनिटांची सवय लावायची आणि मग वाट पाहण्याचा वेळ वाढवत न्यायचा. ज्याला वाट पाहवत नाही त्याच्यासाठी हिरे, हिरव्या नोटा. त्या कधी बक्षीस मिळतात, नाहीतर पैसे देऊन घ्याव्या लागतात. खेळ फुकट आहे, त्यात विकायला ठेवलेली वस्तू एकच, वेळ. शंभरातले मोजकेच लोक ती विकत घेतात आणि तेवढ्यावर या कंपन्या चालतात. २०१६ साली चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकारानं एका गटानं सुपरसेलचा ८४.३ टक्के हिस्सा ८६० कोटी डॉलरना घेतला. त्या वेळच्या दरानं सुमारे ५७ हजार कोटी रुपये. त्यात ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारख्या लढाईच्या खेळांचा वाटा मोठा होता हे खरं, आणि कंपनीत माणसं होती दोनशेच्या आतबाहेर. त्याच्याशेजारी छत्तीसगडचं धान ठेवून पाहू. २०२४-२५च्या हंगामात राज्यानं २५ लाखांहून अधिक शेतकऱ्यांकडून १४९ लाख टन धान घेतलं, क्विंटलला ३,१०० रुपयांच्या हिशेबानं. म्हणजे ४६ हजार कोटी रुपयांचं. वर्षं वेगळी आहेत, रुपयाची किंमतही बदलली आहे. तरी २५ लाख शेतकऱ्यांच्या अख्ख्या वर्षाच्या धानाहून दोनशे माणसांच्या कंपनीतला एक हिस्सा महाग पडावा, हे आकडे एकमेकांशेजारी लिहिताना माझा हात थबकला.

धानाचं आणखी थोडं सांगतो, कारण भिलाईतून बाहेर पडलात की चारही दिशांना तेच दिसतं. हजार दाणे २५ ग्रॅमचे धरले तर किलोत ४०,००० दाणे. छत्तीसगड सरकार एकरामागे २१ क्विंटलपर्यंत धान घेतं, म्हणजे एका एकरातले ८ कोटी ४० लाख दाणे. आणि १४९ लाख टनांत? सुमारे सहा जलधी. माझ्या आजोबांच्या यादीतलं ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या वस्तूला वापरलं.

दाणे मोजले, आता हात मोजू. छत्तीसगडात अजून पुष्कळजण बियासी करतात, म्हणजे आधी धान फोकतात आणि रोपं पाण्यात उभी राहिली की त्यातून नांगर फिरवतात. पण जिथे रोवणी होते तिथे दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन चुडांत, म्हणजे रोपांच्या झुबक्यांत, १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरात सुमारे १,३५,००० चूड लागतात. दहा बायकांनी एक एकर दिवसात रोवलं तर एकीच्या वाट्याला साडेतेरा हजार. आठ तासांच्या दिवसात दर दोन सेकंदांना एक चूड, कमरेत वाकून, चिखलात, पाऊस अंगावर घेत. अंडा गावाच्या पुढे रस्त्याकडेला मी एकदा उभा राहून पाहिलं आहे. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं. रोपं वेगळी झाली, चिखलात गेली, हात वर आला. मी मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत पुढचं चूड लागलेलं असायचं. काकू फोनवर एकदा बोट फिरवते आणि सगळे वाफे पेरले जातात. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं आहे, तिनं लहानपणी रोवणी केली आहे. ती म्हणाली, “बोट फिरवताना मला अजूनबी पाठ आठवते.”

खेळानं एक गोष्ट मात्र फार कंजूषपणे दिली आहे असं मला मोजल्यावर कळलं. एका दाण्याचे दोन. खऱ्या एकरात २० किलो बियाणं धरा आणि २१ क्विंटल धान धरा, तर शंभराहून अधिक पट होतं. रोवलेल्या एकेका चुडाला सहाशेच्या वर दाणे येतात. काळाच्या बाबतीत फोन ८६,४०० पटींनी पुढे, आणि देण्याच्या बाबतीत काळी माती पन्नास पटींनी. एकदा शंभर पट झालं की दुसऱ्या हंगामात दहा हजार पट, तिसऱ्यात दहा लाख पट. तिसऱ्या हंगामाचं धान येईतो मातीनं एका दाण्याचे दहा लाख केलेले असतात, फोनला त्यासाठी वीस कापण्या लागतात. अर्थात या दाण्यांतले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या ताटात जातात, म्हणून महाराष्ट्र कधी नुसत्या धानाखाली बुडत नाही.

छत्तीसगडात ‘महामाया’ नावाचं धानाचं एक वाण आहे, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं काढलेलं, जाड दाण्याचं, सव्वाशे दिवसांच्या आसपास येणारं. आणि भिलाईच्या कारखान्यातल्या आठव्या ब्लास्ट फर्नेसचं नावही महामाया. दोघींचं नाव रतनपूरच्या देवीचं. त्याच रतनपुरातून नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ ते १७८७ छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांची ती २९ वर्षं काकूच्या घड्याळात तीन तासांनाही साडेतीन मिनिटं कमी पडतात. धानाची महामाया दोन मिनिटं पाच सेकंदांच्या आसपास येईल. भट्टीच्या महामायेला मात्र मी हे घड्याळ लावू शकलो नाही. तिथे खऱ्या सेकंदांतच मती गुंग होते.

ही भट्टी २०१८ साली पेटली. पोटाचं आकारमान ४,०६० घनमीटर, रोजची क्षमता ८,०३० टन हॉट मेटल. भागाकार केला तर सेकंदाला ९३ किलो. पंधराशे अंशांच्या आसपास तापलेलं, पाण्यासारखं वाहणारं लोखंड. काकूचा गहू उगवून पिकतो त्या दोन मिनिटांत महामाया ११ टनांहून अधिक लोखंड देते, आणि त्यासाठी वरून दीडपटीहून जास्त खनिज, शिवाय कोक, सतत ओतावं लागतं. खेळातली बेकरी पाव भाजून झाला की तुम्ही परत येईपर्यंत तशीच थांबते. गहू पिकला की महिनाभर उभा राहतो, वाळत नाही, झडत नाही, त्यावर पाऊस पडत नाही. भट्टीला थांबणं माहीत नसतं. ती एकदा पेटली की पंधरा-वीस वर्षं अखंड तापलेली ठेवायची. दिवाळीच्या रात्री, मतदानाच्या दिवशी, घरात लग्न असताना, कोणीतरी कास्ट हाऊसमध्ये उभं असायलाच हवं. काकांनी पहिल्या मुलीच्या बारशाला फर्स्ट शिफ्ट केली आणि अडीच वाजता थेट घरी आले. तेव्हा अंगाला जो वास होता तो काकूला अजून सांगता येतो.

त्या लोखंडाचं पुढे पोलाद आणि पोलादाचे रूळ होतात. भिलाईच्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटरचा रूळ सांध्याशिवाय निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा एकसंध तुकडा होतो. मीटरला ६०.३४ किलो या हिशेबानं अशा एका तुकड्याचं वजन १५.७ टन. पोलाद करताना होणारी घट-वाढ सोडून दिली तर तेवढं लोखंड महामाया २ मिनिटं ४९ सेकंदांत देते. म्हणजे काकूचं एक पीक निघून दुसरं कापणीला यायच्या आत पाव किलोमीटरच्या रुळाचं लोखंड तयार. मिलची वर्षाची क्षमता १२ लाख टन. पूर्ण क्षमतेनं चालली तर जवळपास २०,००० किलोमीटर रूळ. दोन रुळांचा मार्ग धरला तर दिब्रूगडपासून कन्याकुमारीपर्यंतचं सुमारे ४,२०० किलोमीटरचं अंतर एका वर्षात दोनदा घालता येईल आणि वर उरेल. काकांच्या टाउनशिपमध्ये आगगाडी येते. ती माल घेऊन जाते आणि येताना विटा, काच, फरश्या आणते. त्यांना ती गाडी फार आवडते. “पण रूळ आधीच पडलेले असतात,” ते म्हणाले. “रूळ कुणी केले ते नाही विचारत.”

टाउनशिप खेळाचं मूळ शोधताना मला जे सापडलं ते ऐकून काका खुर्चीत सरळ झाले. प्लेरिक्स ही कंपनी २००४ साली बुखमान आडनावाच्या दोन भावांनी रशियातल्या व्होलोग्दा शहरात सुरू केली. पुढे तिचं मुख्यालय आयर्लंडला गेलं. त्याच व्होलोग्दा प्रांतात चेरेपोव्हेत्स आहे, रशियाचं पोलादनगर. तिथल्या कारखान्यात पहिलं लोखंड निघालं ऑगस्ट १९५५मध्ये, म्हणजे भिलाईचा करार झाला त्याच वर्षी. तिथली सेव्हर्यांका भट्टी ५,५०० घनमीटरांची, आपल्या महामायेहून मोठी. रशियनांनी इथे येऊन एक टाउनशिप उभारायला मदत केली, आणि पन्नासेक वर्षांनी त्यांच्याच एका पोलादाच्या मुलखातून दुसरी टाउनशिप काकांच्या फोनवर आली. १९८०च्या दशकात काकांनी रशियन तज्ज्ञांबरोबर काम केलं होतं. “दा, दा,” ते हसून म्हणाले. बाकी भाषा विसरले, तेवढं राहिलं आहे.

गूगल प्लेवर या दोन्ही खेळांच्या नावापुढे प्रत्येकी १० कोटींहून अधिक डाउनलोड लिहिलेले दिसतात. त्यातल्या एका खेळाचे फक्त १० कोटी लोक धरू. प्रत्येकानं आयुष्यात एकदाच गहू पेरला आणि दोन मिनिटं वाट पाहिली, तर त्या वाट पाहण्याची बेरीज ३८० वर्षं होते. तेवढं मागे गेलं तर शिवाजी महाराज अजून पंधरा-सोळा वर्षांचे आहेत. हे एकाच पिकाचं. खेळणारा माणूस दिवसात किती वेळा पेरतो ते काकूला विचारावं.

याआधीचं मोठं शेत होतं ‘फार्मव्हिल’. २००९च्या जूनमध्ये फेसबुकवर आलं आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी महिन्याला ८ कोटींहून अधिक लोक ते खेळत होते. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार भारतात शेतीची खाती १४ कोटी ६५ लाख. म्हणजे देशातल्या निम्म्याहून अधिक खात्यांएवढी शेतं एका खेळात होती. तिथे पीक वेळेवर कापलं नाही तर करपायचं, म्हणून लोक कचेरीतून, वर्गातून, लग्नाच्या मांडवातून शेतावर धावायचे. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो खेळ बंद झाला. काकूच्या घड्याळात ७० मिनिटांचं आयुष्य. त्या रात्री ती सगळी शेतं गेली, आणि सात-बारा कुणाच्याच नावावर नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला स्कूटरवर बसवून जुन्या क्वार्टरकडे नेलं. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. अंगणात आंबा आहे. काका क्वार्टरमध्ये राहायला आले त्या पावसाळ्यात त्यांनी कोय पुरली होती. सातव्या वर्षी पहिला मोहोर आला, तोवर काकू रोज वापरून उरलेलं पाणी घालायची. सात वर्षं म्हणजे ४२ मिनिटं ३७ सेकंद, मी मनात मोजलं. क्वार्टर सोडताना ट्रकमध्ये पलंग, कपाट, देव्हारा, सायकल सगळं चढलं. आंबा तिथेच राहिला.

काका फाटकाबाहेर स्कूटरवर बसूनच झाडाकडे बघत होते. घरातल्या बाईंनी ओळखलं, आत या म्हणाल्या, मग पिशवीभर कैऱ्या आणून दिल्या. रिसालीला परतल्यावर काकांनी फोन उघडला. टाउनशिपमध्ये घर किंवा झाड हलवायचं असेल तर त्यावर बोट दाबून धरायचं. ते जमिनीपासून सुटतं आणि हवं तिथे ओढून नेता येतं. त्यांनी शहराच्या टोकाला असलेलं एक झाड उचललं, रस्त्यावरून, नदीवरून, प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीवरून ओढत आणलं आणि पहिल्या घराच्या अंगणात ठेवलं. मग काकूला म्हणाले, “लोणचं घालशील का गं कैऱ्यांचं?”